इंझोरीच्या तुरीचे आठ उल्लेख

इंझोरीचे जगदेव गुरुजी चालताना थोडे हरवल्यासारखे चालत. १९५१ साली त्यांनी इंग्रजीत एक लेख लिहिला. गावभर तुरीला मर लागून झाडं उभी वाळली होती. सोजरबाईच्या वावरातली तूर मात्र पिवळ्या फुलांनी डुलत होती. हा गुण तिथल्या जमिनीचा, असं गुरुजींनी मांडलं आणि लेखासोबत त्या वावरातलं मूठभर बियाणंही नागपूरच्या एका शेतकी त्रैमासिकाकडे पाठवलं. लेख छापून आला. पुढं सहा वर्षं, शाळेच्या ओट्यावर बसल्या बसल्या गुरुजींना दिसे, आपला लेख आगगाडीतून कुठल्या कुठल्या गावी उतरतो आहे.

सत्तावनच्या उन्हाळी सुट्टीत ते नागपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसले. पाच दिवस जुने अंक चाळले, प्रत्येक लेखाखालची संदर्भांची यादी बोट फिरवत वाचली. वाळ्याच्या ताट्यांतून ओला वास येई, डोळे मिटत, अन् अक्षरांच्या जागी तूर फुले. शेवटी आठ ठिकाणी त्यांचं नाव निघालं.

"आठ!" ते ग्रंथपाल नानाजींना म्हणाले.

"आकडा राहू द्या, गुरुजी. नाव कायले घेतलं, ते तं पाहा."

गुरुजींनी आठही लेख वाचले. चार एकाच माणसाचे, चारहीत तेच वाक्य. तिघांनी इंझोरीचं 'इंदोरी' केलेलं. एक चुकला, दोघांनी त्याचंच उतरवलं. मूळ लेख त्यांनी उघडलाही नसावा. आठवा मात्र चार पानं गुरुजींशी भांडत होता. त्या संशोधकानं त्रैमासिकाकडून ते बियाणं मिळवून रोगट जमिनीत पेरलं होतं, आणि तूर तगली होती. गुण जमिनीचा नव्हे, बियाण्याचा!

गुरुजी चुकले होते. तरी त्यांना भरून आलं. कुणीतरी आपल्याला खरंच वाचलं होतं.

गावी येऊन त्यांनी सोजरबाईला सारं सांगितलं.

"मंग बियाणं तं माह्यं," ती म्हणाली. "दरसाली चांगल्या झाडाच्या शेंगा मीच निवडून ठेवत आली. तुमच्या लेखात माह्यं नाव कुठं हाय?"

लेखात गुरुजींनी नुसतं 'एका बाईचं वावर' लिहिलं होतं. त्याच दुपारी त्यांनी त्या संशोधकाला पत्र टाकलं.

वर्षानं त्याचा नवा लेख आला. गुरुजींचं नाव त्यात नव्हतं. पहिल्याच ओळीत होतं, 'इंझोरीच्या सोजरबाईंनी राखलेलं वाण'. गुरुजींनी तिच्या वावराच्या धुऱ्यावर बसून ते मराठीत वाचून दाखवलं.

"अजून एकडाव वाचा," ती म्हणाली. "हळू."