काळोखात जपलेला दगड

दत्तूदादा जाण्याआधीच्या रविवारी मी कारापूरला गेलो, तेव्हा तो खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसला होता. म्हणाला, "बाबू, तो दगड एकदां दाखय रे." दगड त्याच खोलीतल्या कपाटात होता, किल्ली माझ्या खिशात. मी म्हटलं, "उजेड लागलो तर काळो पडतलो. बरो जा, मागीर पळय." बरा झाल्यावर बघ, असं म्हटल्यावर तो हसला... आणि खिडकीकडे वळला. बुधवारी वहिनींचा फोन आला.

दादा माझा चुलतभाऊ, पाळीच्या खाणीवरच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. लोहखनिजात फॉस्फरस जास्त निघाला की घेणारा भाव पाडतो, म्हणून तो शोधणं हेच दादाचं रोजचं काम. एकदा खाणीच्या तळाशी, करड्या चिखलात, त्याला फिकट हिरवे, काचेसारखे स्फटिक सापडले. नखानेही ओरखडा उठत होता. पूड केली ती पांढरी, पण थोड्या वेळाने निळी झाली. आम्लात विरघळवून मॉलिब्डेट घातलं, तसा पिवळा साका बसला. फॉस्फेटच, म्हणजे तोच फॉस्फरस. "जल्मभर ज्या चोराक धरलो, तो आज नटून आयला," असं म्हणत त्याने तो दगड मला दाखवला. व्हिव्हियनाइट हे नाव मी तेव्हा प्रथम ऐकलं.

पुढे खाणी बंद पडल्या, दादा अंथरुणाला खिळला. पुण्याहून एक संग्राहक आले. त्यांनी दगड खिडकीशी नेऊन भिंगातून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "असा स्फटिक क्वचित मिळतो. पण रंग आहे तोवरच मोल. काळोखात जपा." दिवाळीनंतर न्यायला येणार होते. मी दगड काळ्या कापडात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात घातला आणि कपाटाला कुलूप लावलं. दादाच्या औषधांना उपयोगी पडेल, असं सगळ्यांना सांगत असे. पण त्या रविवारी माझ्या मनात औषध नव्हतं, नुसतं मोल होतं. घटकाभराच्या उजेडाने काही बिघडत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं...

बाराव्यानंतर वहिनींनी विचारलं, "तुजो दगड बरो आसा ना रे?" मी किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी डबा उघडला आणि दगड खिडकीत ठेवला, दादाच्या उशीसमोर. संग्राहकांना मी येऊ नका म्हणून कळवलं.

आता गेलो की खाटेच्या कडेला बसतो. वहिनी ती खिडकी लावत नाहीत. दगड काळानिळा होत चाललाय, हिरवा रंग खोलीकडच्या एका टोकाला तेवढा उरलाय. दादाच्या जागेवरून तेवढंच टोक दिसतं.