थांबलेले जंतू

माझे वडील पेणला शाळामास्तर होते. मी रोह्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. निवृत्तीनंतर त्यांना लघवीचा जंतुसंसर्ग झाला आणि डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्याकडून नमुन्याची बाटली मागून घेतली, कारण त्या आठवड्यात वर्गात नेमका तोच विषय होता. "ने गो," ते म्हणाले, "माझे जंतू तरी परत वर्गात बसतील." शिकवण्यापुढे आमच्या घरात कुणाला काही सुचत नसे.

सूक्ष्मदर्शकाखाली मला हवं तेच दिसलं. एरवी आखूड काड्यांसारखे असणारे जंतू दोऱ्यासारखे लांबले होते. मी मुलांना रंगून सांगितलं: जंतू आधी आपल्या डीएनएची नक्कल करतो, दोन प्रती दोन बाजूंना नेतो आणि मगच मधे भिंत घालून एकाचे दोन होतात. या गोळ्या ती नक्कल बिघडवतात. मग तो भिंत घालत नाही, नुसता लांबत राहतो.

तास संपताच मी फोन केला. "बाबा, थांबले तुमचे जंतू!"

"मग गोळ्या बंद करू ना? पोट नुसतं जळतंय. ताप पण नाय आता."

पुढच्या तासाची घंटा झाली. "बघा तुम्ही," म्हणत मी हसत फोन ठेवला.

थांबलेला जंतू मेलेला नसतो. औषध गेलं की तो डीएनए दुरुस्त करतो, राहिलेल्या भिंती घालतो, आणि त्या एका दोऱ्याचे कितीतरी जंतू होतात. हे मला पाठ होतं. त्या दिवशी ना मुलांना सांगितलं, ना बाबांना. पुढे हे आठवलं तेव्हा स्वतःची जितकी चीड आली, तितकी मला कधी आली नव्हती.

आठवड्याभरात त्यांना हुडहुडी भरली. जंतू रक्तात गेले होते. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

तेराव्यानंतर आवराआवर करताना त्यांच्या उशीखाली गोळ्यांची अर्धी पट्टी सापडली. आई ती हातात धरून बसली.

"दवाखान्यात नेताना मला म्हणाले, पोरीनंच सांगितलंय बंद करायला. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, खोटं नका बोलू, ती असं सांगायची नाय." ती रडायला लागली. "शेवटचं बोलणं हेच झालं गो आमचं."

मी पट्टी तिच्या हातातून घेतली. अजून तिला काही सांगितलेलं नाही.