मंगळवेढ्याच्या रस्त्यावर उभी राहिलेली गाडी

नसत्या चौकशा करायची मला लहानपणापासून खोड. रुग्णवाहिकेवर तातडीची मदतनीस म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी ड्रायव्हरमामांचं डोकं खाल्लं. ग्लुकोजची बाटली गाडीत आहे, साखर मोजायचं यंत्र आहे, मग साखर उतरलेल्या माणसाला ते शिरेतून द्यायला मला का बंदी? ती बाटली म्हणे डॉक्टर सोबत असले तर त्यांच्यासाठी.

"आपलं काम पळवायचं," मामा म्हणाले. "उचलायचं आन् सोलापूर गाठायचं. लई डोकं चालवू नका."

यंदा ती परवानगी आम्हाला मिळाली. आधी रबरी हातावर सुया टोचल्या, मग वॉर्डात खऱ्या शिरा शोधल्या. शिकवणाऱ्या डॉक्टरांना मी विचारलं, जे कालपर्यंत केलं तर नोकरी गेली असती, ते आज केलं नाही तर माझी चूक, असं कसं हो? ते हसले आणि म्हणाले, "आणखी एकदा शीर शोधून दाखवा."

त्यानंतरच्या एका सोमवारी मंगळवेढ्यापलीकडच्या वस्तीवरून फोन आला. म्हातारी बेशुद्ध, अंग घामानं चिंब. कुणीतरी फोडलेला कांदा नाकाशी धरला होता. आम्ही तिला गाडीत घेतलं, सून सोबत बसली, मुलगा मोटरसायकलवर मागे निघाला. दार लागताच मामांनी सवयीनं भोंगा सुरू करून गाडी सोडली.

"सकाळी शुगरची गोळी घेतली," सून सांगत होती. "आन् म्हादेवाचा सोमवार, उपास. चहाबी घेतला न्हाय."

बोटाला सुई टोचून पाहिलं. साखर पार तळाला गेली होती. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालता येत नाही, आणि सोलापूर गाठेपर्यंत मेंदूनं तग धरला असता की नाही, सांगता येत नव्हतं. नियमाप्रमाणे मी सोलापूरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "द्या." पण रस्त्याच्या खड्ड्यांत म्हातारीची ती दोऱ्यासारखी शीर काही सापडेना.

"मामा, गाडी थांबवा!"

पेशंट आत असताना हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. त्यांनी गाडी ज्वारीच्या शेताकडेला घेतली, वळून म्हातारीकडे पाहिलं आणि न विचारताच भोंगा बंद केला. मला कळेना, भोंगा कशाला बंद केला? मग बाहेर मोटरसायकल पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हंबरडा. "आये! गेलीस गं!"

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आमच्या भागात रुग्णवाहिका वाटेत उभी राहिली आणि भोंगा बंद झाला की लोक एकच समजतात. मामाही तेच समजले होते. आत सुनेनंही गळा काढला. मी जाम घाबरले होते, तरी सुई पुन्हा हातात घेतली.

"गेल्या नाहीत त्या! हात धरा त्यांचा, घट्ट!" मी सुनेवर ओरडले.

तिनं हात धरला. सुई शिरेत गेली. मी हळूहळू ग्लुकोज सोडत होते आणि म्हातारीच्या पापण्यांकडे बघत होते. इतकी वर्षं मला हेच बघायचं होतं, माणूस परत कसा येतो ते. आधी भुवई हलली. मग ओठ. मग तिनं डोळे उघडून छताकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि बाहेरच्या रडण्याकडे कान दिला.

"कोन गेलं गं?" तिनं विचारलं.

मी मागचं दार उघडलं. मुलगा पायरीवर डोकं टेकून बसला होता. त्यानं वर पाहिलं.

"कोन गेलं रं?" तिनं पुन्हा विचारलं.

"कुनी न्हाय, आये," तो म्हणाला, आणि आधीपेक्षा मोठ्यानं रडायला लागला.