आमच्या चर्चची दर्शनी भिंत

नव्वदच्या आसपास पनवेलला नव्या वसाहती भरू लागल्या आणि आमचं जुनं चर्च रविवारच्या मिसाला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, अपुरं पडायला लागलं. कौलारू छप्पर, दगडमातीच्या बुटक्या भिंती आणि रस्त्याकडे तोंड करून एक उंच, चुन्याने रंगवलेली दर्शनी भिंत. तिच्या माथ्यावरच्या कमानीत घंटा. आईचं लग्न तिथेच लागलेलं. बाबांना शेवटचं नेलं तेही तिथूनच.

मी तेव्हा ज्युनियर इंजिनिअर होतो, म्हणून फादरांनी मला बोलावलं. छपरावर चढून पाहिलं, तर वाळवीने वासे पोखरलेले. बोट टेकवलं तरी भुसा गळत होता.

"छप्पर आणि बाजूच्या भिंती जाणार, फादर," मी म्हणालो. "पण दर्शनी भिंत ठेवू. तिच्यामागे नवं चर्च उभं करू."

सगळ्यांना ते पटलं. आई चर्चला देऊळच म्हणायची. ती तर गल्लीभर सांगत सुटली, "माझा पोरगा आमचं देऊळ वाचवतोय!"

छप्पर उतरवलं, भिंतीला टेकू लावले. मग आतला गिलावा खरवडला तेव्हा विटांनी बुजवलेली एक ठेंगणी कमान दिसली. म्हणजे मूळ चर्च याहून लहान होतं. आमच्याआधी कोणीतरी ते वाढवलं होतं, जुन्या भिंतीवर नवी भिंत चढवली होती. दोन्हींमध्ये सांधा असा नव्हताच, नुसता भराव होता. दुसऱ्याच दिवशी घंटेच्या कमानीखालून दारापर्यंत तडा गेला.

मी मजुरांना बाहेर काढलं, कोणी जवळ येऊ नये म्हणून दोरी बांधली. आई दोरीपाशी येऊन उभी राहिली.

"अरे, काहीतरी लाव ना अजून! तू शिकलायस ना?"

"आई, आता जवळ कोणालाच पाठवता येणार नाही."

"मग नुसतं बघत बसायचं?"

  दुपारी आधी चुन्याचे पोपडे सुटले, मग माथा झुकला आणि भिंत आतल्या अंगाला बसली. घंटा तेवढी आदल्या दिवशी उतरवून ठेवलेली. आईने तोंडाला पदर लावला.  मला रागावली असती तर बरं वाटलं असतं.

नवं चर्च मोठं झालं. स्लॅबचं, हवेशीर, सगळ्यांना बसायला जागा. पण आत आवाज फार घुमतो. आईला आधीच कमी ऐकू यायचं. मिसाहून घरी परतताना ती रस्त्यात थांबून विचारायची, "फादर आज काय म्हणाले रे?"

मला आठवेल तेवढं मी मोठ्याने सांगायचो.