ट्रेलरमधली विहीर

सेलू तालुक्यातल्या त्या विहिरीचं प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. निवृत्तीला वर्ष उरलं होतं, ठाण्याचा प्रभारी मी होतो. एका सकाळी साठी ओलांडलेले एक शेतकरी अर्ज आणि मोबाईल घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"साहेब, माह्या बहिणीले भाऊजीनंच विहिरीत ढकललं. आता तं मोबाईलवर दिसून राह्यलं!"

मोबाईलवर एका जुन्या कृष्णधवल चित्रपटाचा नवा ट्रेलर होता. जुने पिक्चर ॲपवर आणताना हल्ली असे ट्रेलर करतात. धडधडतं संगीत, लाल अक्षरं, साध्या संसाराच्या गोष्टीचीही खूनकथा. विहिरीच्या काठावर एका तरुणानं बाईचा दंड धरलेला, बाई किंचाळते आणि लगेच पाण्यात धपकन आवाज. वर अक्षरं, 'सत्य घटनेवर आधारित'.

तो तरुण म्हणजे यांचे भाऊजी. चित्रीकरण त्यांच्याच गावात झालं होतं आणि गावकऱ्यांना बारीकसारीक कामं मिळाली होती. त्यानंतर दोन वर्षांनी भाऊजींची बायको खरोखरच त्या विहिरीत पडून वारली. अकस्मात मृत्यूची नोंद झाली होती, पण ते कागद केव्हाच नष्ट झालेले.

पिक्चर हा काही पुरावा नव्हे, हे मला कळत होतं. तरीही मी भाऊजींना बोलावलं. पंचाहत्तरीचा माणूस, दिवसभर बाकावर बसवला. येणारेजाणारे बघत होते.

"तो पिक्चर होता साहेब. मजुरी म्हणून मले एक धोतर भेटलं होतं," ते म्हणाले.

"बायको पडली तेव्हा कुठे होता?"

ते गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. तीस वर्षांच्या नोकरीत अशी गप्प माणसं मी पुष्कळ पाहिली होती. पाणी मुरतंय, असं मी ठरवूनच टाकलं.

आमच्या ठाण्यात शेतकरी घरातली एक महिला शिपाई होती. ट्रेलर बघता बघता ती म्हणाली, "साहेब, हे बाई तं पह्यलेच ओली हाय. पदरातून पाणी गळून राह्यलं."

मी कपाळावर हात मारला. तोच ट्रेलर मी चारदा पाहिला होता! मग मी अर्जदाराला बोलावलं, दोघांना शेजारी बसवलं आणि पूर्ण पिक्चर लावला. तो तोवर आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. बाई आधी पडते, मग हा तरुण दोर टाकून तिला वर ओढतो. ट्रेलरवाल्यांनी पुढचं मागं केलं होतं.

अर्जदार रडू लागले. "भाऊजी, माफ करा मले."

भाऊजी हळूच बोलले, "पिक्चरमंदी मी हजर होतो, म्हणून बाई निघाली. तुही बहीण पडली तवा मी आष्टीच्या बाजारात बैल पाहाले गेलतो. हे कोणत्या तोंडानं सांगू रे?"

मला माझीच लाज वाटली. गप्प माणूस काहीतरी लपवतोच, असं मी जन्मभर धरून चाललो होतो. या माणसाला तर ते बोलवतच नव्हतं.

अर्जावर 'तथ्य आढळले नाही' असा शेरा मारून मी तो निकाली काढला. पण ट्रेलर गावभर फिरला होता आणि माझा शेरा कोण वाचणार? म्हणून भाऊजींना जीपमध्ये पुढे बसवून गावी नेलं, ग्रामपंचायतीसमोर उतरलो, टोपी काढली आणि चारचौघांत त्यांची माफी मागितली.