काका म्हणजे काका

फ्रॅटर्निटी, म्हणजे अमेरिकन कॉलेजातल्या पोरांचं एका हाउसमध्ये राहणारं मंडळ, म्हटलं की तुम्हाला बिअर, पोरी आणि राडा दिसला असेल. सॉरी हं. मला दिसतो व्हॅक्यूम क्लीनर. सभासद होण्याआधीच्या उमेदवारीचं अख्खं सेमिस्टर मी त्याच्या मागं चाललो आणि त्याच कार्पेटवर झोपलो.

ऐंशीच्या दशकात, पिस्कॅटवेच्या बाजूला. मी ज्यू पोरांच्या हाउसमध्ये कसा? बाकीच्या हाउसवाल्यांनी दारातच गोड हसून 'कळवतो' म्हटलं. इथं विचारलं, "तुला काय येतं?" मी त्यांच्या प्रोफेसरची नक्कल केली. घेतलं उमेदवार म्हणून. मग काय, जेवताना नक्कल, भांडी घासताना नक्कल. आमच्या तालुक्याच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून छड्या खाल्ल्या, त्या परवडल्या. मास्तर निदान 'अजून एकदा कर' म्हणत नव्हते.

त्या रविवारी जेवणानंतर माझं मतदान होतं. प्रत्येकानं लाकडी पेटीत एक गोटी टाकायची, हो असेल तर पांढरी, नाही तर काळी. एक जरी काळी निघाली तरी मी बाहेर. बाहेर म्हणजे रस्त्यावरच, कारण दुसरी खोली कुठं मिळाली नव्हती.

जेवायला एक म्हातारे गृहस्थ आले होते. हे हाउस काढणाऱ्यांपैकी तेवढेच उरलेले. त्यांनाही गोटी होती. सांगत होते, "आमच्या वेळी ज्यू पोराला कुठलंच हाउस घेत नव्हतं. हसून म्हणायचे, कळवतो. म्हणून आम्ही आमचं काढलं."

घरचं कुणीतरी बोलतंय असं वाटलं मला. त्यात आठवडाभराचं जागरण. तोंडातून निघून गेलं, "बसा काका, मी कॉफी आणतो."

टेबलभर हशा फुटला. या पोरांच्या आज्यांच्या भाषेत, यिडिशमध्ये, काका म्हणजे शी! म्हातारे लालबुंद.

"सर, आमच्याकडे काका म्हणजे वडिलांचा भाऊ. मोठ्या माणसाला मानानं म्हणतात."

"बघा, बघा, चेहरा कसा गंभीर ठेवलाय!" पोरं टेबल बडवायला लागली. एकदाच सरळ बोललो, तर त्यालाही टाळ्या. समजवायचं त्राणच नव्हतं अंगात.

म्हाताऱ्यांनी भिंतीवरच्या फोनकडे बोट केलं. "ज्याला काका म्हणतोस, त्याला लाव. मी किचनमधल्या फोनवर ऐकतो."

आमच्या गावाकडचे एक डॉक्टर जवळच राहायचे. त्यांना लावला.

"काका, मी बोलतोय."

"उगवलास? महिना झाला, फोन नाही तुझा! काकू रोज विचारते, पोरगं जेवतं का."

"हो, काका."

"हो काका काय? आवाज बघ कसला झालाय. झोपतोस की नुसत्या नकला करत हिंडतोस?"

"नाही, काका."

किचनच्या दारातून म्हातारे दिसत होते. मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी मान खाली घालून ऐकत होते, जसं काही त्यांनाच झापतायत. मग त्यांनी रिसीव्हर हळूच ठेवला, टेबलाशी आले आणि पांढरी गोटी सगळ्यांना दिसेल अशी वर धरून पेटीत टाकली.

मला मात्र फोन ठेवता येईना.

"ऐकतोयस ना, गाढवा? शनिवारी जेवायला यायचं. आणि ते केस कापून ये! गेल्या वेळी शेजारीण विचारत होती, कोण हो तो जटाधारी? काय सांगायचं मी लोकांना?"