केजचे वकील मी कोंडले तेव्हा

माझ्या धाकट्या चुलतभावाला परवा भूसंपादनाची नोटीस आली. रस्ता रुंद होणार आहे आणि त्यात त्याची विहीर जाते. हरकत घ्यायला मुदत आहे, पण ती फार नाही. मी म्हणालो, "वकिलाला दाखव." तर म्हणतो, "मला कुठला वकील दारात उभा करतोय, आण्णा? माझा पायच तसला हाय."

त्याच्या पायाचा काही दोष नाही. दोष माझा आहे, आणि तो लिहून काढल्याशिवाय आता मला जेवण गोड लागायचं नाही.

कोरोना उतरल्यावरची गोष्ट. त्याच्या शेताची गाडीवाट माझ्या रानातून जायची, आमच्या आज्याच्या वेळेपासून. त्या वर्षी कशावरून तरी आमचं वाजलं आणि मी वाटेवर नांगर घालून हरभरा पेरला. आत त्याचा ऊस उभा. कारखान्याची तोड आली, तरी ट्रॅक्टर आत न्यायचा कुठून? त्यानं तहसीलदाराकडे अर्ज केला.

तेव्हा केजच्या बसस्टँडवर चहा पिताना मला एका म्हाताऱ्या कज्जेखोरानं युक्ती सांगितली. म्हणाला, "चांगला वकील धरून काय होतंय? समदेच धरायचे. एकदा का वकिलानं तुमची बाजू ऐकून कागद बघितले, की तो समोरच्याचं वकीलपत्र घेत न्हाई."

मला ही युक्ती लई आवडली. सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढल्या आणि निघालो. ज्याच्या दारावर पाटी दिसली त्याच्यापुढे बसलो, रडगाणं गायलो, कागद टेबलावर पसरले आणि "घरी इचारून सांगतो" म्हणून उठलो. एकानं चहा पाजला. एकानं माझ्या धीराचं कौतुक केलं. एका वयस्कर वकिलानं मात्र चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "नांगर घालायच्या आधी कुणाला विचारलं होतं का?"

"न्हाई."

"मग आता वकिलाची गरज नाही. हरभरा काढा, वाट मोकळी करा, भावाला घरी जेवायला बोलवा."

याला काही येत नाही, असं ठरवून मी उठलो.

मागून चुलतभाऊ त्याच दारांवर फिरत होता. प्रत्येक जण त्याचं नाव आणि गट नंबर ऐकून कागद परत करायचा. कारण कुणी सांगायचं नाही, आणि ते त्यांच्या वकिली धर्माला धरूनच होतं. टपरीवरून मी बघत होतो. तो पाचव्या का सहाव्या जिन्यावरून उतरला तेव्हा मला इतकं हसू आलं, की चहा नाकात गेला.

मी स्वतःसाठी वकील निवडला तो आवाजावरून. आमच्याकडे बरेच जण असाच निवडतात: कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहायचं आणि आतून सगळ्यात मोठा कोण ओरडतोय ते ऐकायचं. माझा वकील मारामारीच्या केसेसमध्ये नावाजलेला होता. वाटेच्या दाव्यातलं त्याला किती कळतं, हे मी विचारलं नाही. त्यानं मात्र मला एक विचारलं, "वाट होती का कधी?"

"कवाच न्हाई, साहेब."

त्यानं तसंच लेखी म्हणणं दिलं.

मग स्थळपाहणी लागली. तहसीलदार, तलाठी, पंच, मागे अर्धं गाव. चुलतभाऊ एकटाच, वकिलाविना, टोपी हातात धरून. जीप सडकेला थांबली आणि साहेब बांधावरच्या काट्याकुट्यांकडे वळले. मोठा माणूस रानात आलेला, माझ्यातला यजमान जागा झाला. मी पळत पुढे गेलो.

"तिकडून नगा, साहेब, काटा लई हाय. ह्या हरभऱ्यातनं या. आमच्या गाड्या पहिल्यापास्नं इकडूनच येत्यात."

तलाठ्यानं खाली मान घालून माझं वाक्य लिहून घेतलं. माझा तो ओरडणारा वकील इतक्या हळू बोलला की फक्त मलाच ऐकू आलं, "आण्णा, आता मी काय करू?"

वाट मोकळी झाली, ऊस कारखान्याला गेला. गाव माझ्यावर आठवडाभर हसलं आणि विसरलं. चुलतभावानं मात्र एवढंच धरून ठेवलं, की आपल्याला बघून वकील तोंड फिरवतात. मी ते धरू दिलं. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं, लग्नात एका पंगतीला बसलो, तरी खरं काय ते सांगितलं नाही.

काल त्याच्या ओट्यावर जाऊन सगळं सांगितलं. चहा, झेरॉक्स, टपरी, नाकात गेलेला चहासुद्धा. त्यानं सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला.

"म्हंजे माझी बाजू लंगडी नव्हती?"

"न्हाई रं. म्या लंगडी केली."

"आन तुमी टपरीवर हसत होता."

"होय."

त्यानं दोन शिव्या हासडल्या. त्यातली एक आमच्या दोघांच्या आजोबाला लागत होती, पण मी ते दाखवून दिलं नाही. मग आत जाऊन नोटीस घेऊन आला, टोपी झटकली.

"चला केजला. एकाच वकिलाकडं जायचं, आन जमिनीचं कळणाऱ्याकडं. समदं मी सांगणार. तुमी भायेर बसा."

मी चपला घातल्या.